येत नाही, लागत नाही, टिकत नाही

आमच्या रस्त्यावर कुणाला दिवसाउजेडी जांभई आली, तर तो आधी तोंडावर हात धरायचा आणि मग हळूच अक्कांच्या मेडिकलकडे बघायचा. अक्कांच्या नजरेस पडला की संपलं. "काय हो, रात्री काय झालं?" हा प्रश्न काउंटरवरून थेट रस्त्यावर यायचा, आणि रात्री काय झालं हे चारचौघांत सांगायला कुठलाही माणूस कचरतोच. पलीकडच्या इमारतीतला एक नवा नवरदेव तर त्यानंतर कितीतरी दिवस समोरच्या फुटपाथवरून जायचा.

अक्का म्हणजे शकुंतला बिराजदार. माहेर अक्कलकोटकडचं. घरी कानडी, दुकानात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. औषधशास्त्राचा डिप्लोमा करून त्यांनी सोलापुरात सात रस्ता चौकाच्या अलीकडे मेडिकल टाकलं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. त्यांच्या शेजारी माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे या भागात कुणाचं पित्त खवळलं आणि कुणाची मूळव्याध उठली, हे मला डॉक्टरच्या खालोखाल कळायचं. ऐकायचं नाही असं ठरवूनही उपयोग नव्हता. अक्का कानात बोलल्या तरी समोरच्या सलूनमध्ये वस्तरा थांबत असे.

साडीवर त्या पांढरा कोट घालत. त्याची बटणं लावलेली कुणी पाहिली नाहीत. चष्मा कपाळावर, आणि तो शोधायला दुसरा चष्मा गल्ल्याजवळ. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ओ झेरॉक्स" एवढंच. मी एकदा म्हटलं, माझं नाव दिलीप आहे. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, पण दिलीप म्हटलं की रस्त्यावरचे तिघं वळून बघतात.

सगळी औषधं त्या सारख्याच निष्ठेनं विकत, पण त्यांचा खरा जीव होता झोपेत. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. खोकल्याचं गिऱ्हाईक त्या दोन वाक्यांत वाटेला लावत. कुणी "झोपेचं काहीतरी द्या" म्हटलं, की मात्र कपाळावरचा चष्मा खाली यायचा, आतलं स्टूल बाहेर यायचं आणि चौकशी सुरू व्हायची.

पहिला प्रश्न ठरलेला. "येत नाही, लागत नाही की टिकत नाही?"

माणूस गोंधळायचा. झोप नाही म्हणजे नाही, त्यात काय निवडायचं? पण अक्कांपुढे हे चालत नसे. झोप येत नाही म्हणजे डोळे टक्क उघडे, रात्री अकरालाही बाजारात जावंसं वाटतंय. असा माणूस संध्याकाळी चहा पितो, नाहीतर अंथरुणात मोबाइल बघतो. झोप लागत नाही म्हणजे डोळे जड आहेत, पाठ टेकली आहे, पण डोक्यात गिरणी सुरू. आणि टिकत नाही म्हणजे पडल्या पडल्या लागते, पण मधेच मोडते. ही तीन दुखणी वेगळी, तिघांचं औषध वेगळं, आणि तिन्हींना एकच गोळी मागणारा माणूस येडा, असं त्यांचं म्हणणं. मराठीनं तीन शब्द उगाच ठेवलेत का, असंही त्या वर विचारत. हे कानडी बाईंनी मला ऐकवावं याची मला गंमत वाटायची.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी त्यांनी कधी दिली नाही. ओळखीचा, नात्यातला, पुढारी, कुणीही असो. चिठ्ठी आणली तर मुकाट्यानं देत आणि डॉक्टरनं सांगितलं तेवढंच घ्या, मनानं बंदही करू नका, असं दोनदा बजावत. चिठ्ठी नसेल तर त्यांचं एक वाक्य होतं, ते आमच्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहे. "गोळीत गुंगी असते बा. झोप नसते."

मग घरगुती उपाय निघत. पायाच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. डोक्याला ब्राह्मीचं तेल. रात्रीचं जेवण लवकर, भाकरी हलकी, दही नको. दुपारनंतर चहा बंद. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडकीला ओली चादर टांगायची. आमच्याकडे चादर तशीही पांघरायच्या उपयोगाची वर्षातून महिनाभरच. यातलं कशानं किती फरक पडतो हे त्या छातीठोकपणे सांगत नसत. ब्राह्मीच्या तेलाबद्दल विचारलं तर म्हणायच्या, तेलाचं मला माहीत नाही, पण कुणीतरी डोक्यावर हात फिरवतंय याचा गुण येतोच की.

दुपारी जेवून तीन-तीन तास घोरणारे एक निवृत्त साहेब रात्री झोप नाही म्हणून रडत यायचे. अक्का म्हणाल्या, दुपारीच संपवताय की. साहेब चिडले. झोप काय रेशनवर मिळते का, म्हणाले. रेशनवरच मिळते, अक्का म्हणाल्या, आणि तुमचं कार्ड दुपारीच संपतंय. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. नंतर दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायला लागले, जागं राहायला. त्याचा त्रास मी सोसला, अक्कांनी नाही.

एकदा मात्र अक्काही चुकल्या, आणि नेमक्या माझ्यावर. मुलीच्या लग्नाची धावपळ होती आणि मला झोप लागत नव्हती. अक्कांनी माझ्या बायकोला सांगितलं, गरम दुधात जायफळाचे दोन वेढे द्या. आता वेढे म्हणजे सहाणेवर जायफळ उगाळताना फिरवायचे ते. आमच्या घरात सहाण कधीच माळ्यावर गेली होती. बायकोनं किसणी घेतली आणि जायफळाला चहूबाजूंनी किसणीचे दोन वेढे घातले. निम्मं जायफळ दुधात. मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी घसा कोरडा, छाती धडधडतेय, डोकं भोपळ्यासारखं. तशात दुकान उघडलं आणि एका माणसाचं आधारकार्ड दुसऱ्याच्या कर्जाच्या फाइलला लावून दिलं.

अक्कांना कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं आणि संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिल्या. जायफळ जास्त झालं तर विषच असतं, हे मला तिथं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरवर एक लहानशी सहाण आणून ठेवली. तेव्हापासून जायफळ मागणाऱ्याला वेढा म्हणजे काय ते करून दाखवायच्या, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, "दाखवलं नव्हतं तर काय झालं, ते ह्यांना विचारा." माझी ही कीर्ती पार विजापूर वेशीपर्यंत गेली.

तर अशा अक्का. आणि अशा अक्कांकडे मारुती वाघमोडे येऊ लागला सर्दीची गोळी मागायला.

मारुती सांगोल्याकडचा. वडील मेंढ्या राखायचे, हा गाड्यांकडे वळला. आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचा आणि सोलापूर-पुणे ट्रॅव्हल्सवर रात्रीच्या स्लीपर गाडीला ड्रायव्हर होता. दणकट, अबोल, मान खाली घालून बोलणारा गडी. सकाळी गाडी लावून आला की जाताना सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी न्यायचा. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, तिनं डोळ्यांवर झापड येते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सर्दीचीच तर आहे म्हणून कुणाला तिची भीती वाटत नाही. पहिले काही दिवस अक्कांनी दिली. मग एक दिवस त्यांनी हात आखडता घेतला.

मारुती, तुझं नाक तर कोरडं आहे, त्या म्हणाल्या. मग सर्दी कुणाला झालीय?

दिवसा उजेडात झोप लागत नाही, एवढंच मारुती पुटपुटला. अक्कांनी स्टूल बाहेर काढलं. तो बसला नाही, तसाच गेला. नंतर सलूनवाल्याकडून कळलं, की तो पलीकडच्या चौकातल्या मेडिकलमधूनही पट्टी नेतो आणि स्टेशनजवळच्याही. मग अक्कांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुपारी डबा उघडून बसायच्या आणि मला प्लायवूडच्या भिंतीतून ऐकवायच्या. ही गोळी दुपारी घेतली तरी संध्याकाळपर्यंत अंगातून जात नाही, रोज घेतली की एकाची दोन लागते, दोनाची तीन. आणि हा त्याच डोळ्यांनी रात्री स्टिअरिंगवर बसतो. मागे अख्खी गाडी झोपलेली. मी म्हटलं, अक्का, तुम्ही दिली नाही, तुमचं काम झालं. त्यांनी भिंतीवर थाप मारली. ती थाप माझ्यासाठीच होती हे मला समजलं.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्या काउंटरच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. वाट अडवून. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी मशीन बंद केलं. खोटं कशाला सांगू, ऐकायलाच बंद केलं.

अक्कांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. येत नाही, लागत नाही की टिकत नाही?

मारुती म्हणाला, "झोप येतीय की अक्का. मीच येऊ देत न्हाय."

हे उत्तर अक्कांच्या तिन्हींत बसत नव्हतं. त्या पहिल्यांदाच गप्प झाल्या. आणि त्या गप्प झाल्या म्हणूनच बहुतेक मारुती बोलला. काही महिन्यांपूर्वी पुण्याहून येताना, टेंभुर्णी मागं टाकल्यावर, पहाटेच्या सुमारास त्याचा डोळा लागला होता. किती वेळ ते त्यालाही माहीत नव्हतं. जाग आली ती चाक रस्त्याच्या कडेच्या मुरमावर उतरलं तेव्हा. त्यानं गाडी सावरली, रस्त्यावर घेतली, सोलापुरात आणून लावली. कुणालाच कळलं नाही. एका म्हाताऱ्या आजींनी उतरताना उलट आशीर्वाद दिला, की पोरा, लई छान झोप लागली तुझ्या गाडीत. तेव्हापासून घरी पाठ टेकून डोळे मिटले, की त्याला चाकाखालचा मुरूम ऐकू यायचा आणि तो उठून बसायचा. म्हणून गोळी. गोळीची गुंगी दुपारभर, मग संध्याकाळी ती जायला चहावर चहा, आणि रात्री पुन्हा टेंभुर्णी.

"मालकाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाय. बायकूलाबी न्हाय."

मग त्यानं मान वर केली. मी प्लायवूडच्या कडेतून बघत होतो. तो म्हणाला, "अक्का, खरं सांगा. तुमी बसाल का माझ्या गाडीत?"

माणूस असं विचारतो तेव्हा त्याला काय ऐकायचं असतं, हे कुणालाही कळतं. मी त्यांच्या जागी असतो तर बसेन की, असं म्हणून मोकळा झालो असतो. अक्कांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"आज नाही बसणार," त्या म्हणाल्या. "तूही बसू नकोस."

मारुती तसाच उन्हात निघून गेला. जाताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मीच प्लायवूडमागे सरकलो. त्या आत जाऊन स्टूलवर बसल्या आणि मला म्हणाल्या, ओ झेरॉक्स, मी जास्त बोलले का? इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, नाही अक्का. पण त्या संध्याकाळी दोघांनीही दुकानं लवकर बंद केली. गाडी सुटायच्या वेळेपर्यंत माझंही कशात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती बायकोला घेऊन दारात उभा. रात्री गाडीवर गेला नव्हता. पोट बिघडलं असं मालकाला कळवलं होतं, पण बायकोला सगळं खरं सांगितलं होतं. ती डोळे पुसत होती. अक्कांनी शटर निम्मं ओढलं, चाव्या माझ्या हातात दिल्या आणि दोघांना घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे गेल्या. मालकाला खरं सांगायला मात्र त्या बरोबर गेल्या नाहीत. मारुतीनं गळ घातली तरी नाही. तुझं तोंड तूच घेऊन जा, म्हणाल्या, माझं तोंड घेऊन गेलास तर उद्या तिथं उभं राहायला तुला जागा राहणार नाही.

मालकानं आरडाओरडा केला, मग ऐकून घेतलं, मग त्याला गाडीवरून उतरवून बुकिंगच्या ऑफिसात बसवलं. स्टिअरिंग धरणाऱ्या गड्याला तिकिटं फाडायला लागणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं. जुने सोबती टोमणे मारायचे. घरी बायको धीर द्यायची, आणि दुकानावर अक्का.

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तपासण्या केल्या, आणि झोपेची घडी कशी बसवायची ते सांगितलं. ते अंमलात आणायचं काम अक्कांनी अंगावर घेतलं. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही जावो. दुपारी आडवं व्हायचं नाही. चहा सकाळचा तेवढाच. सांगोल्याहून वडिलांनी पाठवलेली घोंगडी अंथरायची, कारण लहानपणी तो तिच्यावरच झोपायचा. बायकोनं तळव्यांना तूप लावायचं. आणि झोप लागेना झाली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. मारुतीला हे शेवटचं पटेना. उठून बसलं तर झोप येणार कशी? अक्का म्हणाल्या, तू स्टँडवर वाट बघत उभा राहिलास की तुझीच गाडी कधी वेळेवर येते का? जरा पलीकडे जाऊन पान खाऊन ये, मग येते. हे त्याला पटलं.

याच काळात त्याचा भाचा, पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारा, त्याच्यासाठी फोनवरून मागवलेल्या चघळायच्या झोपेच्या गोळ्या घेऊन आला. रंगीत, गोड, मुलांच्या खाऊसारख्या. अक्कांनी बरणी चष्म्याजवळ धरून सगळं वाचलं. मला वाटलं आता भाच्याची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, काही माणसांना उपयोग होतो ह्याचा, नाही असं नाही, डॉक्टरला दाखवून घे. फक्त तुझ्या मामाला मुरूम ऐकू येतो, मुरमावर ही गोळी चालते का ते ह्या बरणीवर लिहिलेलं नाही. भाच्यानं मुरूम म्हणजे काय विचारलं. मारुतीनं त्याला सांगितलं. मला वाटतं अक्का, बायको, मालक आणि डॉक्टर सोडले तर हे त्यानं सांगितलं असा भाचा पहिलाच. त्यानंतर मात्र तो सांगायला लागला. नव्या ड्रायव्हर पोरांना तर बसवून सांगायचा, की डोळा लागला तर लपवू नका रं.

सकाळी बुकिंगला जाताना तो अक्कांना हजेरी द्यायचा. फार बोलायचा नाही. "अक्का, आज आली, पन लागली न्हाय." मग काही दिवसांनी, "लागली, पन टिकली न्हाय." अक्का मान डोलवायच्या आणि कुणाच्या तरी तापाचं औषध मोजायला लागायच्या. आणि एका सकाळी तो नुसता दारात उभा राहिला. चेहरा धुतल्यासारखा. "टिकली अक्का," एवढंच म्हणाला. अक्का आत वळल्या आणि कानडीत काहीतरी बोलल्या. काय ते मला समजलं नाही, पण आवाज भरलेला होता हे भिंतीतूनही कळत होतं.

पुढं डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर मालकानं त्याला पुन्हा गाडी दिली. दिवसाची, सकाळी सोलापुरातून सुटणारी, बसायच्या सीटांची. रात्रीची पुन्हा मागितली नाही त्यानं, आणि मालकानंही विचारलं नाही. पण इतक्या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. अक्का त्याच्या गाडीत बसल्या नव्हत्या. कुठं जायचंच नव्हतं त्यांना. दुकान सोडून त्या कधी गावाबाहेर गेल्या नाहीत. मारुतीनं विचारलेलं त्यांना आठवत होतं, त्याला त्यांनी दिलेलं उत्तरही आठवत होतं, आणि दोघंही त्याविषयी बोलत नसत.

मग यंदा अक्कांनी दुकान विकायचं ठरवलं. गुडघे दुखतात, काउंटरमागे उभं राहवत नाही, मुलगी पुण्याला बोलावतेय. नव्या मालकाला त्यांनी सगळं समजावून दिलं आणि चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी दिलीस तर मी पुण्याहून येईन, अशी धमकीही दिली. मुलगी न्यायला गाडी पाठवते म्हणाली. अक्का नको म्हणाल्या. रेल्वेनं जा म्हटलं, तेही नको. तिकीट त्यांनी मारुतीच्या गाडीचं काढलं, आणि हट्टानं त्याच्या पाठीमागचीच सीट मागून घेतली.

त्या सकाळी बॅग उचलायला मी गेलो होतो. ऊन कोवळं होतं. मारुतीनं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री केलेला. त्यानं बॅग माझ्या हातातून घेतली, अक्कांना हात देऊन वर चढवलं, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. मी खिडकीखाली उभा राहिलो. जपून जा म्हटलं. अक्का म्हणाल्या, जपायला तो बसलाय की पुढं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

गाडी सुरू झाली. अक्कांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, पदर डोक्यावरून नीट घेतला, मान खिडकीला टेकवली. मग मिटल्या डोळ्यांनीच त्या पुढं बघून म्हणाल्या, "मारुती, टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली तर मला उठवू नको बा."

मारुतीनं एकदा आरशात पाहिलं. "न्हाय उठवत, अक्का," तो म्हणाला, आणि हॉर्न न वाजवता गाडी हळूच रस्त्याला घेतली.